मूल कुणाचं आणि शाळेचं दार कुणासाठी

सप्टेंबर २०२५ मध्ये फ्लोरिडा राज्याचे सर्जन जनरल जोसेफ लाडापो यांनी जाहीर केलं, की शाळाप्रवेशासाठी असलेली लसींची सक्ती राज्यातून पूर्णपणे उठवायची आहे, एकाही लसीचा अपवाद न करता. गव्हर्नर रॉन डिसँटिस त्या वेळी सोबत होते. ही सक्ती गुलामगिरीच्या जातीची आहे, तुमच्या शरीरात काय जावं हे सांगणारं सरकार कोण, असं लाडापो यांचं म्हणणं. समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. १९८० सालापर्यंत अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत शाळाप्रवेशाला लसीकरणाची अट घालणारे कायदे झाले होते. ती अट मुळातूनच काढून टाकण्याची भाषा आता करत होता तो राज्याच्या आरोग्य खात्याचा प्रमुख, आणि तोही स्वतः डॉक्टर असलेला. कांजिण्या, कावीळ ब, हिब आणि न्यूमोकोकल या चार लसींची अट खात्याच्या नियमांत होती, ती खातं स्वतःच्या अधिकारात काढू शकत होतं. गोवर, पोलिओ, घटसर्प, धनुर्वात यांची अट मात्र कायद्यात लिहिलेली होती. ती काढायची तर विधिमंडळातच जावं लागणार होतं.

'मूल माझं, निर्णय माझा' या वाक्याला अमेरिकेत मोठी ताकद आहे, आणि ती नुसत्या हट्टातून आलेली नाही. १९२२ साली ओरेगॉन राज्याने सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच जावं असा कायदा केला. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. मूल ही राज्याची निर्मिती नाही, त्याला वाढवण्याची दिशा आईबापांनी ठरवायची, हे तेव्हापासून तिथल्या घटनाविचारात पक्कं बसलं. आपल्यालाही ते पटायला हरकत नाही. मुलाच्या तापात रात्र जागून काढतात ते आईबाप. आरोग्य खातं जागत नाही. मुलाला कशाने पुरळ उठतं, कुठलं औषध सोसत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या फायलीपेक्षा जास्त ठाऊक असतं. तरीही माझं म्हणणं असं, की हा हक्क विश्वस्ताचा आहे, मालकाचा नाही. विश्वस्ताला निर्णय घेता येतात. ज्याच्यासाठी तो विश्वस्त आहे त्याचं नुकसान करता येत नाही, आणि शेजाऱ्याच्या मुलाचं तर नाहीच नाही. म्हणून शाळेच्या दारात लसीचा दाखला मागणारा कायदा मला न्याय्य वाटतो. सरकारने स्वतःच्या वाट्याची जबाबदारी पाळली, तरच. या 'तरच'कडे पुढे यायचं आहे.

आधी गोवराबद्दल. आपल्याकडे अजूनही अनेक घरांत 'एकदा येऊन गेलेला बरा' असं बोललं जातं. आजीच्या पिढीने अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरून गोवर काढलेला असतो आणि घरातली मुलं त्यातून उठलेली असतात. जी उठली नाहीत त्यांची आठवण सांगायला बहुतेक घरांत आता कुणी उरलेलं नाही. गोवराचा विषाणू रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या माणसांत एक रोगी बारा ते अठरा जणांना आजार देतो. म्हणूनच साथ थोपवायला साधारण ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. 'मूल आजारी पडलं की घरी ठेवू' हा उपायही इथे चालत नाही, कारण अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच ते मूल संसर्ग पसरवत असतं. त्या चार दिवसांत दिसतो तो साधा ताप, खोकला, लाल डोळे. अमेरिकेत पहिला डोस बाराव्या महिन्यानंतर दिला जातो. तोवर बाळ बऱ्याच अंशी आजूबाजूच्या माणसांच्या भरवशावर असतं. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारं मूल तर शाळेत जायच्या वयातही तसंच असतं, कारण त्याला ही लस देताच येत नाही.

मार्च २०२५ मध्ये टेक्सासातल्या लबक शहरात एक बाई बाळंतपणासाठी इस्पितळात दाखल झाली. तिला गोवर आहे हे दाखल झाल्यानंतर कळलं. तोवर तिथल्या दुसऱ्या बाळंतिणी आणि त्यांची नुकती जन्मलेली बाळं त्याच हवेत श्वास घेऊन बसली होती. इस्पितळाने घाईघाईने मास्क सक्तीचे केले, बाळांना इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं दिली. ही साथ सुरू झाली होती त्याच भागातल्या गेन्स काउंटीत. तिथे किंडरगार्टनमधल्या जवळपास १८ टक्के मुलांच्या पालकांनी निदान एका लसीतून सूट घेतलेली होती. ऑगस्टमध्ये साथ संपल्याचं जाहीर झालं तेव्हा टेक्सासात ७६२ रुग्ण नोंदले गेले होते. दोन शाळकरी मुलं दगावली. दोघांनाही लस दिलेली नव्हती आणि दोघांनाही आधीचा कुठलाही आजार नव्हता. टेक्सासात २००३ पासून सदसद्विवेकाच्या कारणावरून सूट घेता येते. २०२५ मध्येच, साथीचे आकडे समोर असताना, तिथल्या विधिमंडळाने सूट मागण्याचा अर्ज थेट संकेतस्थळावरून उतरवून घेण्याची सोय करून दिली.

पालक विरुद्ध सरकार अशी या वादाची मांडणी होते तेव्हा लबकमधलं ते नुकतं जन्मलेलं बाळ कुणाच्याच बाजूला उभं नसतं. खरं तर त्याच्या आईबापांनाही पालकांचे हक्क आहेत. त्यांच्या हक्कांची घोषणा मात्र कुठल्या फलकावर दिसत नाही.

न्यायालयांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळलेला आहे. हेनिंग जेकबसन हे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावचे, स्वीडनमधून आलेले पाद्री. १९०२ च्या देवीच्या साथीत त्यांनी टोचून घ्यायला नकार दिला. लहानपणी लस टोचल्यावर आपल्याला फार त्रास झाला होता आणि आपल्या मुलालाही झाला, असं त्यांचं सांगणं होतं. दंड होता पाच डॉलर. तो न भरता ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी हरले. या निकालाचा आधार घेणारे एक गोष्ट नेहमी विसरतात. न्यायालयाने दंडाला मान्यता दिली. धरून टोचायला दिलेली नाही. आणि ज्याच्या प्रकृतीला लस घातक ठरेल अशा माणसावर ती लादणं क्रूरपणाचं होईल, असंही त्याच निकालात आहे. १९२२ मध्ये टेक्सासातल्या सॅन अँटोनियो शहरातल्या खटल्यात शाळाप्रवेशाची अट एकमताने वैध ठरली. १९४४ चा प्रिन्स खटला लसीचा नव्हताच. यहोवाचे साक्षीदार पंथातल्या एका बाईने आपल्या ताब्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीला रस्त्यावर धार्मिक मासिकं वाटायला नेलं, म्हणून तो उभा राहिला होता. न्यायमूर्ती रटलेज यांनी तेव्हा लिहिलं त्याचा आशय असा, की श्रद्धेसाठी स्वतः हुतात्मा व्हायला मोठी माणसं मोकळी आहेत, पण मुलांना हुतात्मा करायला मोकळी नाहीत. ते मूल मोठं होऊन स्वतः काय ते ठरवील. पालकांच्या हक्काची याहून नेमकी मर्यादा मला दुसरीकडे सापडलेली नाही.

या सगळ्यात मला सर्वांत विचार करायला लावतं ते मिसिसिपी राज्य. अमेरिकेतलं सर्वांत गरीब राज्य म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. आरोग्याच्या बहुतेक याद्यांत ते तळाशी असतं. मुलांच्या लसीकरणात मात्र ते वर्षानुवर्षं सर्वांत वर होतं, किंडरगार्टनमधली जवळजवळ ९९ टक्के मुलं लस घेतलेली. याचं कारण १९७९ च्या एका निकालात आहे. एका बापाने धार्मिक कारणावरून मुलासाठी सूट मागितली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, आणि त्यापुढे जाऊन कायद्यातली धार्मिक सुटीची तरतूदच रद्द केली. न्यायालयाचा युक्तिवाद समतेचा होता. बाकीच्या पालकांनी मुलांना लस द्यायची आणि वर सूट घेतलेल्या मुलांपासूनचा धोकाही त्यांच्याच मुलांनी सोसायचा, हा त्या मुलांवर अन्याय आहे. वर्गात बसलेल्या दुसऱ्या मुलालाही घटनेचं संरक्षण आहे, हे एखाद्या न्यायालयाने इतक्या सरळ शब्दांत म्हटल्याचं विरळाच. चार दशकं तो निकाल टिकला. २०२३ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने धार्मिक सूट द्यायला राज्याला भाग पाडलं. आणि जून २०२५ मध्ये शाळेतल्या गोष्टींच्या पुस्तकांवरून झालेल्या महमूद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या धार्मिक हक्काला जे बळ दिलं, त्याचा आधार आता लसविरोधी याचिकांत घेतला जात आहे. गोष्टीच्या पुस्तकातून शेजारच्या बाकावरच्या मुलाला न्यूमोनिया होत नाही, एवढा फरक न्यायालयांनी ध्यानात ठेवावा.

कॅलिफोर्नियाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. डिसेंबर २०१४ मध्ये अनाहाइमच्या डिस्नेलँडमधून गोवर पसरला; त्या राज्यातच सव्वाशेच्या वर लोक आजारी पडले. तोवर कॅलिफोर्नियात 'व्यक्तिगत मत' एवढ्या कारणावरही सूट मिळत असे. काही खासगी शाळांत निम्म्याहून अधिक मुलांनी सूट घेतलेली होती, आणि या शाळा कुठल्या झोपडवस्तीतल्या नव्हत्या. सेंद्रिय भाजी घेणाऱ्या, उच्चशिक्षित, सुखवस्तू घरांतली ही मुलं. सॅक्रामेंटोचे सिनेटर आणि स्वतः बालरोगतज्ज्ञ असलेले रिचर्ड पॅन यांनी सिनेटर बेन ॲलन यांच्यासह विधेयक आणलं. सुनावणीच्या वेळी विरोधकांची रांग ध्वनिक्षेपकापासून बाहेरच्या मार्गिकेपर्यंत लागलेली असे. एकेकाने यायचं, नाव सांगायचं, विरोध नोंदवायचा, बाजूला व्हायचं. कडेवर मुलं घेऊन आलेल्या आया त्यात पुष्कळ होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती खोटी नव्हती. जून २०१५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली. वैद्यकीय कारण सोडून बाकी सगळ्या सुटी बंद झाल्या, आणि कायदा लागू होताच किंडरगार्टनमधलं पूर्ण लसीकरण ९२.८ टक्क्यांवरून ९५.६ टक्क्यांवर गेलं.

मग दुसरी वाट निघाली. वैद्यकीय सुटी वाढत गेल्या. पैसे घेऊन दाखले लिहून देणारे डॉक्टर पालकांना एकमेकांकडून कळू लागले. ते रोखायला २०१९ मध्ये नवा कायदा आला. वर्षाला पाचांहून अधिक दाखले देणाऱ्या डॉक्टरचे दाखले आरोग्य खात्याने तपासायचे ठरलं. त्या वर्षी पॅन यांना रस्त्यात मागून धक्का मारण्यात आला, सिनेटच्या सभागृहात प्रेक्षकांच्या सज्जातून रक्त फेकलं गेलं. घरीच शिकवण्याची वाट तर कायद्याने पहिल्यापासून मोकळी ठेवलेली आहे. ती परवडते कुणाला? ज्या घरात एक पालक पगाराशिवाय घरी बसू शकतो त्याला. कायदा आकडा वर नेऊ शकतो, मन वळवू शकत नाही, हे कॅलिफोर्नियात दिसलं. तरी आकडा वर नेण्याला मी कमी लेखणार नाही. विषाणूला मन दिसत नाही, टक्केवारीच दिसते.

आता सर्वांत जड आक्षेप. राज्याला शरीरावर हक्क दिला की तो कुठे थांबतो? १९२७ मध्ये व्हर्जिनियातल्या कॅरी बक नावाच्या तरुणीची तिच्या इच्छेविरुद्ध नसबंदी करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. न्यायमूर्ती होम्स यांनी आधार म्हणून एकाच निकालाकडे बोट दाखवलं, जेकबसनच्या. लस टोचण्याची सक्ती चालते तर हीही चालेल, असं तर्कट होतं. ती मंदबुद्धी असल्याचा दावाही खोटा होता. त्यानंतर देशभरात हजारो माणसांवर अशा शस्त्रक्रिया लादल्या गेल्या. महाराष्ट्राला हे परकं वाटायचं कारण नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या नावाखाली ब्रिटिश अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे शिपाई पुण्यातल्या घरांत, देवघरांत घुसले, आणि त्याची अखेर चापेकरांच्या पिस्तुलात झाली. १९७६ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणूनच ते कायदा झालं नाही. आपल्याच निवडून दिलेल्या आमदारांनी हे केलं होतं. सरकारच्या सुईला भिणारा माणूस अडाणी असतो असं म्हणणाऱ्याने हा इतिहास वाचावा.

म्हणून रेषा काळजीपूर्वक ओढावी लागते. शाळाप्रवेशाच्या अटीत कुणाचा दंड धरला जात नाही, घरात कुणी शिरत नाही. ज्या सार्वजनिक खोलीत तीस मुलं एकत्र बसणार तिथे येण्याची ती अट आहे. १९९१ मध्ये फिलाडेल्फियात औषधोपचारच नाकारणाऱ्या पंथांच्या वस्तीत गोवराची साथ आली, शहरात नऊ मुलं मेली आणि न्यायालयाने पालकांचा विरोध डावलून मुलांना लस देण्याचा हुकूम दिला. तो हुकूम मला पटतो, कारण मुलं डोळ्यांसमोर मरत होती. पण असा हुकूम अपवादच राहिला पाहिजे आणि तो न्यायाधीशानेच द्यायला हवा, खात्याच्या अधिकाऱ्याने नव्हे. धनुर्वाताचाही विचार इथे केला पाहिजे. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. त्या लसीच्या सक्तीला शेजाऱ्याच्या मुलाचा आधार नाही. आधार आहे तो फक्त त्या मुलाच्या स्वतःच्या हिताचा. तो मला पुरेसा वाटतो, तरी गोवराइतका भक्कम नाही, हे मान्य करायला हवं.

आणि सरकारच्या वाट्याचं काय? जे राज्य सक्ती करतं ते ऋण घेतं. लसीने क्वचित का होईना, इजा होते. १९५५ मध्ये कटर कंपनीच्या पोलिओ लसीत जिवंत विषाणू राहून गेला. दहा जण मेले, दीडशेहून अधिक जण कायमचे पांगळे झाले. समाजाच्या भल्यासाठी घेतलेल्या सुईने एखाद्याचं मूल अधू झालं, तर ते ओझं त्या एका घराने एकट्याने का वाहावं? अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने याचं उत्तर दिलं. चूक कुणाची हे सिद्ध करत न बसता भरपाई द्यायची आणि त्यासाठी लसीच्या प्रत्येक डोसवर, ती जितके आजार रोखते त्या प्रत्येकामागे, ७५ सेंटचा कर घ्यायचा. १९८८ पासून या निधीतून पाच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली गेली आहे. सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने हा निधी आधी सांगावा. तो लपवल्याने भीती कमी होत नाही, वाढते. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी बारा मुलांवरच्या निबंधातून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीला स्वमग्नतेशी जोडलं; 'लॅन्सेट'ला तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. मधली बारा वर्षं ज्या आयांनी शंका विचारल्या त्यांना अनेकदा उत्तराऐवजी हेटाळणी मिळाली. आज तर उलटंच चित्र आहे. जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी लसींविषयी सल्ला देणाऱ्या समितीचे सगळे सतरा सदस्य एका फटक्यात काढून टाकले. विश्वास राखायची जबाबदारी ज्याची, तोच तो मोडायला निघाला तर राज्यांच्या कायद्यांना कशाचा टेकू राहणार? २०२४-२५ मध्ये अमेरिकेतल्या किंडरगार्टनमध्ये गोवराच्या लसीचं प्रमाण ९२.५ टक्के होतं आणि सूट घेतलेली मुलं ३.६ टक्के, तोवरची सर्वाधिक.

मग भारतातही असा कायदा हवा का? मला वाटतं, नको. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गोवर-रुबेला मोहिमेत पालकांच्या संमतीशिवाय शाळेत टोचायला मनाई केली, आणि २०२२ मध्ये जेकब पुलियल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही असं सांगितलं. निकालांपेक्षाही महत्त्वाचं कारण २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत दिसलं. तिथे गोवराने दगावली ती बहुतेक पाच वर्षांखालची, शाळेचं तोंडही न पाहिलेली मुलं. काहींचे डोस करोनाच्या काळात चुकले, काहींच्या आईला रोजंदारी बुडवून केंद्रावर जाणं जमलं नाही, काही घरं भाडं परवडेना म्हणून सारखी बदलत होती. काही ठिकाणी नकारही होता. तो मौलवींना आणि वस्तीतल्या बायकांना सोबत घेऊन, आशाताईंच्या फेऱ्यांनी मोडावा लागला. अशा जागी शाळेचं दार बंद करणारा कायदा विषाणूला अडवणार नाही. तो अडवील फक्त मुलीचं शिक्षण.

अमेरिकेतल्या मराठी घरांना मात्र हा प्रश्न दुरून बघता येणार नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन, आयझेलिन इथे मराठी मुलांनी वर्ग भरलेले आहेत. त्या राज्यात लस आपल्या धर्माविरुद्ध आहे एवढं पालकांनी लिहून दिलं की सूट मिळते. ती काढणारं विधेयक जानेवारी २०२० मध्ये सिनेटमध्ये पुरेशी मतं न जुळल्याने निकालात निघालं. खासगी शाळांना त्यातून वगळण्याची तडजोडही पुढे आली होती. म्हणजे सक्ती सरकारी शाळेतल्या मुलांना आणि पैसेवाल्यांना मोकळीक. ती फसली हे बरंच झालं. ट्रेंटनच्या विधानभवनाबाहेर विरोधकांच्या घोषणा आतपर्यंत ऐकू जात होत्या. कायदा व्हावा असं ज्यांना वाटत होतं ते बहुतेक आपापल्या कामावर गेले होते.

हे विधेयक पुन्हा येईल. तुम्ही तिथले मतदार असाल तर आपल्या सिनेटरला आणि असेंब्ली सदस्यांना पत्र लिहा, सुनावणीला जा, भरपाईच्या निधीबद्दलही विचारा. धार्मिक सुटीचा कागद समोर आला तर त्यावर सही करू नका. आपल्या कुठल्याही शास्त्रात लसीला मनाई नाही आणि मुलाच्या शाळेच्या पहिल्याच कागदावर खोटं लिहू नये. सहा ते अकरा महिन्यांचं बाळ घेऊन मुंबईला, पुण्याला येत असाल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून गोवराचा लवकरचा डोस मागून घ्या. प्रवासाला निघणाऱ्या बाळांसाठी तो देतात.